दुधावरचं झाकण

चांगलं जेवायला कुठं मिळतं, हा प्रश्न त्या काळी पिंपरीत रोज कुणी ना कुणी विचारायचंच. कारखाना नवा, कॉलनी नवी, रस्ते तर इतके नवे की त्यांना नावंही पडली नव्हती. बिऱ्हाड गावाकडे ठेवून एकटे आलेले पुरुष ट्रंक आणि वळकटी घेऊन चिंचवड स्टेशनात उतरायचे, टांगेवाल्याला आधी कारखान्याचा रस्ता विचारायचे आणि लगेच पाठोपाठ जेवणाचं. टांगेवाल्यांकडे दोन उत्तरं होती. ज्याचे बूट चकचकीत, त्याला कॉलनीच्या बाजारातलं आरशाचं हॉटेल. ज्याचा चेहरा घरच्या आठवणीनं उतरलेला, त्याला आमचं घर. "रुळाच्या अंगाला, शेवग्याचं झाड, भालेरावबाईंची खानावळ," एवढाच पत्ता. पाटी आम्ही कधी लावली नाही. आई म्हणायची, पाटी लावली की त्याचं दुकान होतं आणि माणसं उष्टं ताट जागेवर टाकून उठतात. आमच्याकडे जो तो आपलं ताट उचलून परसात नेऊन ठेवायचा, मग तो साहेब असो की हेल्पर.

माझी नात आता त्याच बाजूला, संत तुकाराम नगरात राहते. शनिवारी ती आणि तिचा नवरा फोनमध्ये डोकं खुपसून बसतात. कुठल्या हॉटेलला किती तारे, कुणी काय लिहिलंय, सगळं वाचून होईपर्यंत माझी जेवायची वेळ टळून जाते. मी म्हणते, अगं, आमच्या वेळी तारे नव्हते, एक टांगेवाला होता. ती हसते. म्हातारी काहीतरी गमतीचं बोलली, असं तिला वाटतं.

आरशाच्या हॉटेलाबद्दल वाईट बोलायचं आमच्या घरात वळण होतं, पण मी कशाला खोटं बोलू, मला ते फार आवडायचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एकदा तिथं नेलं होतं. भिंतीभर आरसे, संगमरवरी फळीची टेबलं, काचेच्या बरण्यांत शेव आणि चिवडा, आणि कोपऱ्यात मोठ्यानं लावलेला रेडिओ. मिसळीवर तर्री अशी लालभडक की डोळ्यांत पाणी यायचं. कॉलनीतली तरणी पोरं चहा संपला तरी उठायची नाहीत, कारण तिथं बसलेलं दिसण्यातच खरी मजा होती. आत्या त्याला "तोंड बघायचं हॉटेल" म्हणायची.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली, हाडानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक. अण्णा तिला अक्का म्हणत, आई वन्सं म्हणे. आम्ही मूळचे संगमनेरकडचे. अण्णांना देहूरोडला लष्कराच्या डेपोत कारकुनी मिळाली म्हणून इकडे आलो. ते सायकलवरून जात आणि दिवस मावळायला परत येत, आणि मधल्या वेळात घरात काय झालं ते विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांच्या पगारात घर चालायचं, पण माझी शाळा त्यात बसत नव्हती. माझी शाळा चालली होती आईच्या आमटीवर. शेजारच्या खोलीतले कदम, रत्नागिरीचे फिटर, कच्च्या भाताला कंटाळून आमच्या दारात येऊन उभे राहिले, त्यांच्या मागून दुसरे आले, आणि बघता बघता मधल्या खोलीत पंगत बसायला लागली. आई तेव्हाच म्हणाली होती, "या चुलीवर शालन मॅट्रिक होईल." ती शालन म्हणजे मी.

आत्याला हे मुळीच पसंत नव्हतं. अन्न विकायचं नसतं, असं तिचं मत, आणि ते ती दिवसातून एकदा तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची. खानावळीच्या स्वयंपाकाला ती हात लावत नसे. मात्र देवघर तिचं. शिजलेल्यातलं थोडं थोडं ताटलीत घेऊन ती देवाला नैवेद्य दाखवणार, आणि तोवर घरातलं कुणीही जिभेला बोट लावायचं नाही. हा नियम आमच्याकडे इतका पक्का होता की नैवेद्याआधी चव बघणारी घरंही असतात, हे मला लग्नानंतर कळलं. आई आमटीवर वाकायची, वाफ नाकात घ्यायची, पापण्या मिटायची आणि म्हणायची, "गूळ हवा अजून." मिठाचासुद्धा तिला वास येतो, असं कदम सगळ्यांना सांगायचे. मोहरी तडतडायची थांबली की हिंग, हिंगाचा उग्रपणा गेला की हळद, हळदीचा कच्चा वास गेला की पाणी. तिचं सगळं शास्त्र नाकात होतं.

आणि एक वास असा होता की त्याच्यापुढं तिचं काही चालायचं नाही. कारखाना औषधाचा. आत मोठमोठ्या पिंपांत काहीतरी आंबवत ठेवत, आणि वारा आमच्या बाजूला फिरला की तो वास रूळ ओलांडून घरात शिरायचा. शिळं ताक, भिजलेलं पोतं आणि दवाखाना यांचं कालवण केल्यासारखा. वाईट होता असं नाही, कारखानाच औषधाचा, त्याला अत्तराचा वास कुठून येणार. पण आईची समजूत अशी की दूध तो वास पटकन धरतं. वारा फिरला की ती हातातलं काम टाकून म्हणायची, "आला बघ मेला. शालन, दुधावर झाकण ठेव." आम्हाला वास यायच्या आधी तिला यायचा. मी झाकण ठेवेपर्यंत गल्लीत बाकीच्या बायका नाकाला पदर लावायला लागायच्या.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या वर्षी आषाढात तापाची साथ आली. कॉलनीत, गावठाणात, घरटी कुणीतरी अंथरुणावर. आमच्याकडे आधी अण्णा पडले, मग मी, आणि सगळ्यांची उस्तवार करून आई शेवटी पडली. आत्याला काही झालं नाही. तापाचीही तिच्याजवळ यायची छाती झाली नसावी. आई उठली ती पांढरीफटक होऊन, पण उठल्या उठल्या चुलीपुढं जाऊन बसली. पंगत पुन्हा सुरू झाली. सगळं जागेवर आलं असं मला वाटलं.

श्रावणात एकदा पाऊस उघडला. ऊन पडलं, वारा फिरला, आणि तो वास आला. चांगला भपकारा आला. मी ओटीवर भूगोल वाचत होते. हाक येईल म्हणून मी पुस्तकात बोट घालून थांबले. हाक आली नाही. आत गेले तर आई दुधाच्या पातेल्याशेजारीच बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. पातेलं उघडं. मी म्हटलं, "आई, झाकण ठेवू का?" तिनं वर बघितलं आणि विचारलं, "का गं?"

मी नुसतं झाकण ठेवलं. तिला कळलं. तिनं शेंगांची परात बाजूला सारली, आत्या देवघरात आहे ना ते वाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मला कशाचाच वास येत नाही शालन. तापापासून. चवसुद्धा लागत नाही. भाकरी खाल्ली काय, माती खाल्ली काय." मी विचारलं, मग इतके दिवस आमटी कशी करतेस. ती म्हणाली, "कानानं. आणि अंदाजानं." आणि मग माझं मनगट धरून म्हणाली, "वन्संना कळू द्यायचं नाही. त्या तुला चुलीपुढं बसवतील आणि दप्तर माळ्यावर टाकतील."

हे काही ती उगाच म्हणत नव्हती. पोरीच्या जातीला एवढं शिकून काय करायचंय, हे आत्याचं दुसरं आवडतं वाक्य होतं. खानावळ बुडाली तर शाळेचे पैसे नाहीत. खानावळ वाचवायची तर नाक असलेलं कुणीतरी चुलीपुढं हवं, आणि आत्या हात लावणार नाही म्हणजे ते नाक माझं. कुठूनही गेलं तरी वाट माझ्या दप्तरावरूनच जात होती. मला शाळा सोडायची नव्हती. वर्गात आम्ही मोजक्याच मुली होतो आणि गणितात मी मुलांच्या पुढे होते. हे सांगताना मला आजही बरं वाटतं, तर सांगून घेते.

मग आमची दोघींची चोरटी खानावळ सुरू झाली. सकाळी शाळेआधी मी चुलीपाशी घुटमळायची. आई भुवई उंचावायची, मी वाफेवर वाकायची आणि मान हलवायची. मीठ कमी असलं तर मला ते आईसारखं नाकानं कळायचं नाही, पण फोडणी जळली का, डाळीला वास लागला का, एवढं कळायचं. बाकी आई कानानं भागवायची. मोहरीचा आवाज थांबला, चण्याच्या डाळीचा रटरटाट जड झाला, असं ऐकून ऐकून करायची. तरी कधी आमटी खारट, कधी भाजी पाणचट. गुट्टे म्हणून बीडकडचे एक तरुण ऑपरेटर जेवायला होते. मनात येईल ते ओठावर. ते म्हणायचे, "काकू, आजकाल आमटी येगळीच लागायली." आई हसून म्हणायची, "श्रावण आहे ना, कांदा-लसूण नाही." श्रावण संपला, गणपती आले आणि गेले, पण चातुर्मास होता म्हणून कारण टिकलं. पंगतीतले दोघंजण मात्र आरशाच्या हॉटेलात जायला लागले. त्यांच्या रिकाम्या जागी आई पाट तसेच मांडून ठेवायची.

पिंपळ्याकडची ठकूबाई भाजी घेऊन यायची. तिच्यापाशी आईनं मन मोकळं केलं, बाहेरची बाई म्हणून. ठकूबाई म्हणाली, "व्हय, आमच्यात बी लई जणींचं ग्येलंय. ओवा भाज, फडक्यात बांध आन् हुंग. नाक काय गाव सोडून जातंय व्हय, येईल म्हागारी." आई रोज दुपारी आत्या पडली की ती पुरचुंडी नाकाशी धरून बसायची. एकदा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. तिनं माझ्या केसांत नाक खुपसलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "शिकेकाईनं न्हालीस ना आज? मला तुझाही वास येत नाही गं." त्या वेळी मला तिच्यापेक्षा माझ्या मॅट्रिकची काळजी जास्त होती, पण त्या वाक्यानं मी रडले.

आता नवरात्राआधीच्या त्या रविवाराबद्दल. आदल्या दिवशी कदम पावसात घसरून पाय मुरगळून आले होते. आईनं आंबेहळद उगाळण्यापेक्षा डब्यातली कुटलेली घेतली, गरम करून लेप दिला, आणि डबा घाईत फडताळावर ठेवला, नेमका हळदीच्या डब्याला लागून. दोन्ही डबे एकसारखे, पितळी. आंबेहळद रंगानं जरा फिकी, पण आमच्या स्वयंपाकघरात उजेड तो किती. नाक शाबूत असलेल्या बाईची ही चूक होऊच शकत नाही, कारण आंबेहळदीला कैरीचा आणि कापराचा असा वास असतो की डबा उघडताच कळावं. आणि मी, म्हणजे घरातलं उसनं नाक, त्या दिवशी पडवीत. मला कावळा शिवला होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे परसाकडच्या पडवीत घोंगडीवर वेगळी बसले होते, हातात गणिताचं पुस्तक, आणि स्वयंपाकघराचा उंबरा मला बंद.

रविवारी पंगत मोठी असायची, गोडाचं असायचं. त्या दिवशी आमटी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि शिरा. आत्यानं नैवेद्य दाखवला, घंटा वाजली, आई वाढायला गेली. मला मघापासून आंबेहळदीचा वास येत होता. मला वाटलं, कदमांचा पाय. आत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मग माझ्या लक्षात आलं की वास मधल्या खोलीतून नाही, चुलीवरून येतोय. मी उठून उभी राहिले तोवर गुट्ट्यांचा आवाज आला. "काकू, कदमाचा पाय आमटीत पडला का काय हो?"

सगळे हसले. कदमही हसले. मग एकानं भाजी चाखली, एकानं भात, आणि हसू हळूहळू थांबलं. हळद न पडलेला असा फक्त शिराच राहिला होता. कुणीतरी पाट सरकवल्याचा आवाज झाला. आई आमटीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात परतली आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. तिला अजून कळलं नव्हतं काय झालं ते. मी उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "आई, आंबेहळद पडली. हळदीऐवजी." आत्या देवघरातून ताटली घेऊन बाहेर आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तिला पडवीत बसून कळलं आणि तुला चुलीपुढं बसून कळलं नाही?"

आई म्हणाली, "मला वास येत नाही वन्सं. चवही नाही. ताप आला होता तेव्हापासून."

आत्यानं ताटलीतल्या आमटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. चांगलं जेवायला कुठं मिळतं असं त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर तिनं त्याला आरशाच्या हॉटेलचा रस्ता दाखवला असता. तिनं ताटली खाली ठेवली, पदर खोचला आणि मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. पंगतीसमोर ती आजवर कधी आली नव्हती. पुरुष गडबडून सावरून बसले. ती म्हणाली, "जेवण बिघडलंय. ताटं बाजूला सारा, पण उठायचं नाही. पिठलं-भाकरी होते आहे. शिरा खायला हरकत नाही, तो खात बसा." गुट्टे म्हणाले, "आजी, आमाला चालतंय तसंच." आत्या म्हणाली, "मला चालत नाही."

मग ती चुलीपुढं बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. परात ओढली, पीठ घेतलं आणि भाकरी थापायला लागली. आईची भाकरी हलकी पडायची, ठप ठप अशी. आत्याची दणदणीत पडायची, रुळावरून मालगाडी गेल्यासारखी. हिंग, मोहरी, हिरवी मिरची, वर कोथिंबीर, आणि तव्याची भाकरी निखाऱ्यावर फुगून वर आली की सरळ ताटात. आई भिंतीला टेकून बसली होती आणि डोळे पुसत होती. तिला कुणी काही म्हणत नव्हतं. मी पडवीतून हे सगळं बघत होते आणि मनातल्या मनात शाळेचा निरोप घेत होते. गणिताचं पुस्तक मी मिटून घोंगडीखाली ठेवलं होतं, आता ते बघवत नाही म्हणून. आत पुरुष मात्र पिठल्याला नावाजून जेवले. कदम म्हणाले, कोकणातला असूनही मी भाताशिवाय उठलो आणि मला काही वाटलं नाही.

पंगत उठल्यावर घरातलीच माणसं राहिली. अण्णा घरी होते, रविवार म्हणून. आई म्हणाली, "बंद करून टाकू या खानावळ. मला नाही जमत आता." अण्णा खाली बघत होते. मी पडवीच्या दारात. आत्यानं सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि विचारलं, "पोरीची शाळा कशावर चालते?" ते तिला ठाऊकच होतं. "मग बंद कशी करशील? आणि हिला चुलीपुढं बसवलीस तर शाळा कशी होईल?" आईनं मान वर केली. तिला वाटलं नव्हतं असा प्रश्न येईल. मलाही वाटलं नव्हतं.

आत्या म्हणाली, "चूल मला येते. मॅट्रिक मला येत नाही. हिला येतंय म्हणतात. मग ज्याला जे येतं ते त्यानं करावं, त्यात एवढं रडायचं काय."

"पण वन्सं," आई म्हणाली, "अन्न विकायचं नसतं म्हणता ना तुम्ही."

"विकतेस तू. मी नुसतं चाखणार."

"आणि नैवेद्याच्या आधी कसं चाखाल?"

"आधी कशाला? शिजत आलं की चार वाट्या काढून देवाला दाखवीन. तो झाला प्रसाद. मग मीठ कमी आहे की जास्त ते सांगीन, तू पातेल्यात काय ते कर." अण्णांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे देवाला अळणी, अक्का?" आत्या म्हणाली, "देवाला अळणी लागलं तर तो माझ्यापाशी बोलेल. तो गुट्टे कुणाकुणापाशी बोलेल ते सांगता येत नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच पडवीत मटकन खाली बसले आणि हसायला लागले. हसू थांबेना. आत्या म्हणाली, "हिला काय झालं? पुस्तक कुठं गेलं हिचं?" मी घोंगडीखालून पुस्तक काढलं. तिनं असं का केलं, हे मी तिला पुढं अनेकदा विचारलं. तिनं कधी धड उत्तर दिलं नाही. एकदा म्हणाली, तुझी आई मला न सांगता इतके दिवस घाबरत बसली याचा मला राग आला होता. रागावलेलं माणूस असं वागतं का, मला ठाऊक नाही. ती वागायची.

नवरात्र गेलं, दिवाळी गेली. आत्या चुलीशेजारी पाट घेऊन बसायची, आई करायची, आत्या वाटीतलं चाखायची आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा निकाल द्यायची. "गुळाचा खडा कमी." "फोडणी उतावीळ झाली तुझी." हॉटेलात गेलेले दोघं परत आले, छातीत जळजळतं म्हणून. आल्यावर कदमांनी त्यांना पंगतीत मुद्दाम दारापाशी बसवलं. माझा अभ्यास सुरू झाला. घरात भीती म्हणून उरली नव्हती, फक्त आईचं गप्प राहणं होतं. सगळे जेवून तृप्त व्हायचे आणि ती त्यांच्या तोंडांकडे बघत राहायची. रोज सकाळी ती हिंगाचा डबा उघडायची, नाकाशी धरायची, आणि झाकण लावून जागेवर ठेवायची. आम्ही कुणी विचारत नव्हतो. वास आला असता तर तिनंच सांगितलं असतं.

मार्गशीर्षातली सकाळ होती. थंडी चांगली पडली होती. मी ओटीवर उन्हाला पाठ देऊन प्रमेयं मोठ्यानं म्हणत होते. अण्णा सायकलला हवा भरत होते. आत्या चुलीशी, आई परसात भांडी विसळत होती. वारा फिरला असेल. मला वास आला नव्हता, अण्णांनाही नाही. परसातून आईचा आवाज आला, नेहमीचा, जरा त्रासिक, "आला बघ मेला. शालन, दुधावर झाकण ठेव."

मी उठले, झाकण घेतलं, आणि पातेल्यापाशी पोचायच्या आधीच थांबले. आत्याच्या हातातली भाकरी हातातच राहिली. परसात भांड्यांचा आवाज बंद झाला. मग माझ्याही नाकाशी तो वास आला, तोच, शिळ्या ताकाचा आणि दवाखान्याचा. आई ओल्या हातानं दारात येऊन उभी होती. तोंडातून शब्द गेला तेव्हा तिला कळलं नव्हतं, आता कळलं होतं. आत्यानं विचारलं, "काय आला?" आई म्हणाली, "वास." आणि पुन्हा म्हणाली, "वन्सं, वास आला मला."

ती फडताळाकडे गेली. हिंगाचा डबा उघडला आणि ठसका लागून हसली. धने, जिरं, काळा मसाला, एकेक डबा उघडून नाकाशी धरायची, आणि त्या त्या वस्तूचं नाव घ्यायची, पाहुण्यांना ओळखून हाक मारावी तसं. आंबेहळदीचा डबा उघडला तेव्हा आत्या म्हणाली, "तो लांब ठेव." मग आईनं चुलीवरच्या आमटीवर वाकून वाफ घेतली, पापण्या मिटल्या आणि म्हणाली, "मीठ कमी आहे वन्सं."

आत्या म्हणाली, "दिवाळीपासून कमीच घालायला सांगते आहे. कुणी बोललं नाही." अण्णा ओटीवरून म्हणाले, "कुणाची छाती होती?" आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच ते मोठ्यानं हसले. त्या दिवशी ते डेपोत उशिरा पोचले.

पुढं उन्हाळ्यात मी मॅट्रिक झाले. आत्यानं सगळ्या गल्लीला पेढे वाटले आणि गुट्ट्यांना दोन दिले. आता तो वास तिकडे येत नाही. नात म्हणते, बरंच झालं. तिला काय सांगायचं.

त्या सकाळी झाकण माझ्या हातातच राहिलं होतं. दूध उघडंच राहिलं, आणि त्याचाच चहा झाला. दुधानं वास धरला होता की नाही, कुणास ठाऊक. आम्ही चौघं चुलीभोवती बसलो. अण्णांनी बशीत ओतला, आत्यानं फुर्र करून घोट घेतला, मी घेतला. आईनं कप दोन्ही हातांत धरला होता, आणि चहा निवला तरी ती त्याला तोंड लावत नव्हती. नुसता वास घेत बसली होती.